फोन घरी कधी असतो? मेळघाटातल्या गरोदर-कॉलच्या कामाच्या नोंदी

४ जुलै २०२३, धारणी

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे आलो. घाटात पाऊस, एसटीच्या काचा बंद होत नाहीत, मी मांडीवर राउटरचा डबा घेऊन त्याच्यावर ओढणी टाकून बसलेली. नोंदी मी लिहायच्या असं ठरलंय, कारण बाकी दोघं म्हणे की तू एवढी बोलतेस तर लिहूनच काढ. ठीके.

काम दोन तुकड्यांचं आहे. एक म्हणजे आशाताईंच्या मोबाईलवर छोटं ॲप, त्यात गरोदर बाईची नोंद, तपासण्या आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख. दुसरं म्हणजे त्या बाईच्या घरच्या फोनवर आठवड्याला एक आवाजी कॉल, कोरकूत. अकरा गावं. गावांची नावं इथे लिहायची नाहीत, नंबरने लिहायची, कारण एवढ्याशा गावात "सातव्या महिन्याची, रक्त कमी असलेली" एवढं लिहिलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं.

मेसेज का नाही, कॉल का, हे आज परत एकदा एका साहेबांना समजावलं. देवनागरीतला एसएमएस ७० अक्षरांत संपतो, इंग्रजी लिपीत १६० मिळतात. ७० अक्षरांत "लाल गोळी जेवणानंतर घ्या" (लाल गोळी म्हणजे लोहाची) अशी जेमतेम दोन वाक्यं बसतात, आणि ते वाचणार कोण? कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, आणि शाळेत तर मराठीच लिहायला शिकवतात, त्यामुळे लिहिलेली कोरकू वाचायची सवय जवळजवळ कोणालाच नाही. म्हणून आवाज. ह्यात आपण काही नवीन शोध लावत नाही, मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरमान संस्थेचं एममित्रा हेच करतंय, आणि सरकारचं किलकारी २०१६ पासून दुसऱ्या राज्यांत आहे, चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत ७२ कॉल. फरक एवढाच की आपल्याला कोरकूत पायजे आणि इथल्या रस्त्यांसकट पायजे.

साहेब म्हणाले हरिसाल डिजिटल व्हिलेज झालंय की २०१६ मध्येच, मग अडचण काय? हरिसाल रस्त्यावर आहे हो. आमची गावं आत आहेत.

१३ जुलै

रेकॉर्डिंग. आवाज एका आशाताईंचा, दुसऱ्या तालुक्यातल्या, म्हणजे आमच्या गावांत कोणी ओळखणार नाही. खोली म्हणजे उपकेंद्राची साठवणीची खोली, दार बंद करून गाद्या उभ्या लावल्या, तरी पत्र्यावर पाऊस पडला की थांबायचं. दिवसभरात चार क्लिप झाल्या.

पहिली स्क्रिप्ट मी मराठीत लिहिलेली, अडीच मिनिटांची, त्यात रक्तदाब, रक्तक्षय, लोहयुक्त आहार असं सगळं. ताईंनी वाचली आणि विचारलं, "मॅडम हे बोलते कोन?" मग बसून सगळं मोडलं. रक्तदाब नाही, बीपीच. रक्तक्षयाला "रक्त कमी". लोहयुक्त आहार उडवला, भाज्यांची नावं टाकली. एका कॉलमध्ये एकच गोष्ट. अडीच मिनिटांचे झाले पन्नास सेकंद.

मग गाव ३ मधल्या दाईआजींना ऐकवलं. आजींची भीती होती मला, वाटलं म्हणतील की तुम्ही आमचं काम बंद करायला आलात. आजींनी डोळे मिटून ऐकलं, परत लावा म्हणाल्या, परत ऐकलं, आणि म्हणाल्या की ही बाई घाईत आहे, हिला कुठं जायचंय का. खरंच होतं ते, आमची आशाताई पन्नास सेकंदात बसवायला पळत होती. परत रेकॉर्ड केलं, सत्तर सेकंद. लाल गोळीच्या कॉलमध्ये आजींनी एक वाक्य वाढवायला सांगितलं, की गोळीने संडास काळी होते, घाबरायचं नाही. बायका ह्याच कारणाने गोळ्या सोडतात आणि सिस्टरला लाजून सांगत नाहीत. आमच्या कुठल्याच कागदात हे नव्हतं.

२४ जुलै

फोन कोणाचा, ह्याची पाहणी. खरं तर ही पहिल्या दिवशी करायला पायजे होती, आधी रेकॉर्डिंग करत बसलो. आम्ही फॉर्मवर "मोबाईल नंबर" असा रकाना ठेवला होता आणि तो बहुतेक सगळ्या बायकांचा भरलेलाही होता, म्हणून निवांत होतो. आज गाव १, ३ आणि ४ मध्ये घरोघरी जाऊन विचारलं की हा फोन आत्ता कुठे आहे.

नवऱ्याच्या खिशात. शेतात. धारणीला. दिराकडे, कारण त्याला व्हिडिओ बघायचे असतात. एका घरात नंबर शेजाऱ्याचा, त्याच्याशी आता बोलणं बंद आहे. एका घरचा फोन कोणी कामावर नेला नव्हता, पण तो पिठाच्या गिरणीवर चार्जिंगला होता, दहा रुपये देऊन, कारण लाईट तीन दिवस नाही.

आणि आमचा सर्व्हर कॉल करतोय सकाळी ११ वाजता. का? कारण ११ वाजता आम्ही ऑफिसात असतो.

गाव ४ मधली एक, दुसऱ्या बाळंतपणाची, तिला विचारलं की आमचा कॉल आला होता का, तर तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. त्याला बांधावर सलग दोन आठवडे कॉल आले होते, एक बाई कोरकूत सांगतेय की तुमच्या पोटातलं बाळ आता हात हलवतं. सोबतच्या पोरांनी त्याला लय चिडवलं म्हणे. तो वैतागला नव्हता, उलट त्याने बायकोला तसंच्या तसं सांगितलं होतं. पण तो एक झाला, बाकीच्यांनी पहिल्या पाच सेकंदांत कापलेत, लॉगमध्ये दिसतंय.

आता फॉर्ममध्ये रकाना बदलला: "फोन घरी कधी असतो?" बहुतेक उत्तर संध्याकाळी जेवणाच्या आधी, म्हणजे साडेसात ते साडेआठ. काही ठिकाणी पहाटे. एकीने सांगितलं बाजाराच्या दिवशी कधीच नाही. प्रत्येकीसाठी वेगळी वेळ लावायची सोय करायला आमच्या टेलिफोनीवाल्या पोराला दोन रात्री लागतील, त्याने तोंड वाकडं केलंय पण करेल.

अजून एक, "माहिती पुन्हा ऐकण्यासाठी १ दाबा" हे काढून टाकलं. टचस्क्रीनवाल्या फोनवर कानाला लावला की स्क्रीन बंद होते, मग कीपॅड कुठून आणायचा हे बायकांना माहीत नाही, आणि बटणवाल्या फोनची १ ची कळ घासून गेलेली. त्याऐवजी मिस्ड कॉल. मिस्ड कॉल द्यायला सगळ्यांना येतं. मिस्ड कॉल दिला की आमच्याकडून परत फोन जाणार आणि तोच कॉल पुन्हा वाजणार.

३ ऑगस्ट

टॉवर बंद. काही नाही. गहू निवडले.

१६ ऑगस्ट

टॉवर आला. तेरा दिवसांचे अडकलेले कॉल सर्व्हरने एकदम सोडायला सुरुवात केली, एकेकीला एका संध्याकाळी दोन-दोन. बंद केलं हाताने. आता नियम असा की चुकलेला कॉल चुकला, पुढच्या आठवड्याचा जाईल.

ह्या आठवड्यात नेटवर्कचा नकाशा काढला. कागदावरच, पेन्सिलने. कुठल्या गावात कुठे उभं राहिलं की किती दांड्या येतात. गाव ६ ला मोहाचं एक झाड आहे टेकडीवर, त्याच्या फांदीला लोक प्लास्टिकच्या पिशवीत फोन टांगून ठेवतात आणि खाली वाट बघत बसतात. रिंग वाजली की पोरगं चढतं. हे झाड आम्ही सर्व्हरमध्ये चक्क एक ठिकाण म्हणून टाकलंय. गाव ९ मध्ये काहीच नाही, व्याघ्र प्रकल्पाची हद्द, तिथे टॉवर काय खांब रोवायचा तरी परवानग्यांची रांग. गाव ९ साठी कॉल विसरायचा, तिथे आशाताईच्या मेमरी कार्डात सगळ्या क्लिप टाकून दिल्या, ती घरी जाऊन स्पीकरवर लावते. ते जास्त चांगलं चाललंय खरं तर.

गाव ७ चा प्रकार वेगळा. सीमेजवळ आहे, फोन कधी इकडचा टॉवर पकडतो कधी मध्य प्रदेशचा. तिथून आज चाचणीसाठी १०८ लावला तर पलीकडच्या राज्याच्या कॉल सेंटरला लागला. त्या मुलीने फार नीट विचारलं, जिल्हा कोणता, तहसील कोणती, आम्ही धारणी म्हटलं तर तिच्या यादीत धारणीच नाही. तिची काय चूक. पण कळा सुरू झालेल्या बाईच्या नवऱ्याने ह्या यादीत किती वेळ घालवायचा? गावकऱ्यांना हे केव्हापासून माहीत आहे, ते १०८ लावतच नाहीत, जीपवाल्याला उठवतात. आम्हाला मात्र आज कळलं.

म्हणून ठरलं की गाव ७, ८ आणि १० साठी आपला एक साधा नंबर द्यायचा. त्यावर मिस्ड कॉल आला की एकाच वेळी आरोग्य केंद्राच्या गाडीचे ड्रायव्हरदादा, सिस्टर आणि आमच्यापैकी जो ड्युटीवर आहे त्याला रिंग जाणार. भिंतीवर मोठ्या आकड्यांत रंगवून देणार, आशाताईंच्या घरावर.

१७ सप्टेंबर

मोठी चूक सापडली. सविस्तर लिहून ठेवते म्हणजे परत कोणी करणार नाही.

बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीवरून काढतात, पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. इथे पाळीची तारीख कॅलेंडरवर कोणी खूण करून ठेवत नाही. बायका सांगतात होळीच्या नंतर दोन दिवसांनी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात, पोळ्याच्या आधी. हे उत्तर कच्चं नाही, उलट अगदी पक्कं असतं, आपल्यालाच ते तारखेत बदलता यायला पायजे. म्हणून आम्ही ॲपमध्ये सणांचं टेबल टाकलं होतं. सण निवडा, आधी की नंतर, किती दिवस, की तारीख आपोआप. ह्या गोष्टीचा मला फार अभिमान होता, दोन ठिकाणी प्रेझेंटेशनमध्ये पण दाखवलेलं.

टेबल भरलं होतं इंटर्न पोराने, इंटरनेटवरून, २०२२ च्या कॅलेंडरवरून.

२०२२ ला होळी १७ मार्चला होती. २०२३ ला ६ मार्चला. अकरा दिवसांचा फरक. म्हणजे "होळीला पाळी आली होती" असं सांगणाऱ्या प्रत्येक बाईची तारीख आम्ही अकरा दिवस पुढे ढकलून ठेवलीय. जिला आठ दिवस आधी माहेरघरात येऊन राहायचं (आरोग्य केंद्रालगतची ती खोली, जिथे लांबच्या गावची बाई बाळंतपणाआधी सोबतीणीला घेऊन येऊन राहते), तिला आमचा कॉल जाणार तो बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी.

हे पकडलं सिस्टरने. तपासणीत पोटावर हात ठेवून म्हणाली की पोट तर तुमच्या तारखेपेक्षा मोठं आहे, जुळं आहे का काय. जुळं नव्हतं.

दुरुस्त करायला बसले तर अजून एक भोक. ह्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत. त्यामुळे श्रावणानंतरचं सगळं उलट्या दिशेने सरकलं. मागच्या वर्षी पोळा २६ ऑगस्टला, ह्या वर्षी तो तीन दिवसांपूर्वी झाला, १४ सप्टेंबरला. म्हणजे होळीवाल्यांचं अकरा दिवस उशिरा आणि पोळावाल्यांचं एकोणीस दिवस लवकर चुकलं असतं. एका टेबलमध्ये दोन बाजूंनी चूक. आमचा टेलिफोनीवाला म्हणाला की ऑफसेट लाव, मी म्हटलं कसला ऑफसेट लावतोस, आईला फोन कर आणि कालनिर्णय बघायला सांग.

रात्री दोनपर्यंत जुन्या नोंदी एकेक करून तपासल्या. आता टेबलमध्ये सणाबरोबर वर्ष टाकणं सक्तीचं, आणि तारीख निघाली तरी सिस्टरने पोट बघून बरोबर म्हटल्याशिवाय ती पक्की नाही. प्रेझेंटेशनमधली स्लाईड काढली.

९ ऑक्टोबर

नऊ तारीख, म्हणजे सरकारच्या मातृत्व अभियानाची गरोदर बायकांची तपासणी, दर महिन्याच्या नऊला, २०१६ पासून देशभर. ७ आणि ८ ला संध्याकाळी आठवणीचे कॉल पाठवले होते, गाडी कुठल्या गावात किती वाजता थांबणार हे सांगणारे, प्रत्येक गावाला वेगळं. मागच्या महिन्यापेक्षा गर्दी जास्त होती, पण ती आमच्यामुळे की पाऊस उघडल्यामुळे हे मी सांगू शकत नाही, कापणीला अजून वेळ आहे म्हणूनही असेल.

एक सासूबाई सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. सुनेचं तोंड सुजलेलं, डोकं दुखतं म्हणून दोन दिवस पडून. बीपी १६० च्या वर निघालं. त्यांच्या घरी आमचा कॉल जातच नाही, फोन नाही. शेजारणीच्या अंगणात स्पीकरवर लावलेला कॉल ऐकला होता, तोंड-हात सुजले, डोळ्यासमोर अंधारी आली तर नऊ तारखेची वाट बघू नका, असा. तरी त्या नऊ तारखेलाच आल्या, कारण गाडी नऊला येते. बरोबर आहे, गाडीशिवाय काय करणार. पुढे अमरावतीला पाठवलं त्याच दिवशी, सातेक तास गेले पोचायला.

कॉलमधलं वाक्य बदलायला पायजे. "वाट बघू नका" म्हणून ठेवायचं आणि कसं यायचं ते सांगायचंच नाही, हे आपलं शहाणपण. आता त्या कॉलच्या शेवटी त्या त्या गावच्या गाडीवाल्याचा नंबर येईल.

२१ ऑक्टोबर

१८ पासून आशाताई आणि गटप्रवर्तक संपावर, राज्यभर. मोबदला, दिवाळीची भाऊबीज, आणि तिसरी मागणी ऑनलाइन कामाची सक्ती नको. आभा कार्ड, आयुष्मान कार्ड, मातृवंदनेचे फॉर्म, सगळं आशाच्या फोनवर, तिच्या रिचार्जवर.

तिसरी मागणी वाचून गप्प बसले जरा.

गाव १ च्या ताईंना भेटायला गेले, कामासाठी नाही, सहजच. फोन दाखवला त्यांनी, काच तडकलेली, पाच ॲप कामाची, त्यातलं एक आमचं. म्हणाल्या, "तुमचं बरं हाय मॅडम, तुम्ही बोलता तरी. पन भरा लागतेच ना." आणि मग त्यांनी आपली वही काढली. लाल रेघांची साधी वही, त्यात प्रत्येक बाईचं पान, सण, पाळी, मागचं मूल कसं झालं, नवरा कुठे कामाला, कोणाच्या घरी दारू. आमच्या ॲपमध्ये ह्यातलं अर्धंही नाही. तीच माहिती त्या आधी वहीत लिहितात, मग सरकारी रजिस्टरमध्ये, मग सिस्टरला सांगतात ती पोर्टलवर भरते, मग आमच्यात. चार वेळा.

टीममध्ये भांडण झालं रात्री. इंटर्न म्हणे ॲप काढलं तर मग आपण केलं काय वर्षभर. मी म्हटलं कॉल केले. शेवटी ठरलं ते असं की आशाताईंसाठीचं ॲप बंद. त्यांनी महिन्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा, किंवा तोही नको असेल तर आम्ही गावात येऊन काढू, आणि आमच्याकडे बसून आम्ही भरू. नेटचे पैसे आम्ही देऊ. फोटोत नावं दिसतात म्हणून भरून झाला की फोटो डिलीट, ग्रुपवर टाकायचा नाही, एकालाच पाठवायचा.

संपाच्या काळात हे काहीच नाही. संप म्हणजे संप. कॉल चालू राहतील.

२२ नोव्हेंबर

संप मिटलाय, दिवाळी झाली १२ ला, आणि गावं रिकामी व्हायला लागली. लोक "खाली" चाललेत, म्हणजे सपाटीला, अकोल्याकडे, अमरावतीकडे, काही पलीकडे बऱ्हाणपूरकडे. हरभरा, संत्र्याच्या बागा, वीटभट्ट्या. होळीला परत. गरोदर बायकाही जातात, मागे कोणाजवळ ठेवणार आणि खाणार काय. इथे अंगणवाडीत अमृत आहाराचं एक वेळचं गरम जेवण मिळतं, तिकडे भट्टीवर कोण देणार.

डॅशबोर्डवर लाल ठिपके. अर्धे फोन "उपलब्ध नाही". आधी वाटलं नेटवर्क, पण नाही, रिचार्ज संपलाय. काही वर्षांपासून व्हॅलिडिटी संपली की इनकमिंगही बंद होतं. महिन्याला दीडशेच्या वर रुपये फक्त फोन यायला. मजुरीला गेल्यावर चार भावांत एकच फोन चालू ठेवतात.

ह्याला तांत्रिक उपाय नाही, मी दोन दिवस विचार केला. जाण्याआधी गाव २ आणि ५ मध्ये ज्या सापडल्या त्यांना तपासणी कार्डाच्या मागे आमचा मिस्ड कॉल नंबर चिकटवून दिला आणि सांगितलं की कुठेही असा, कोणाच्याही फोनवरून एक रिंग द्या. मुकादमांचे नंबर घ्यायला गेले तर दोघांनी दिले, एकाने विचारलं, तुमी लेबर ऑफिसच्या का?

काल पहिला आला. अकोल्याकडून, अनोळखी नंबर. आम्ही परत लावला तर भट्टीमालकाने उचलला, त्याला काही माहीत नाही, मग मागून बाईचा आवाज आला आणि तिने गावाचं नाव सांगितलं. गोळ्या संपल्यात एवढंच सांगायचं होतं तिला. तिथल्या जवळच्या उपकेंद्राचा पत्ता शोधून परत फोन केला. एवढ्या एका कामाला चाळीस मिनिटं गेली. अशा पन्नास आल्या तर काय करणार माहीत नाही.

८ डिसेंबर

परवा रात्रीचं.

गाव ८. रात्री साधारण एकला एकीच्या कळा सुरू. होळीवाल्यांपैकी, तारीख दुरुस्त केलेली, १२ डिसेंबर. रक्त कमी, हिमोग्लोबिन सातच्या थोडं वर, म्हणून ती आमच्या लाल, म्हणजे जोखमीच्या यादीत आणि काल ७ तारखेला माहेरघरात यायची ठरलेली. पिशवी भरून तयार होती. एक दिवस आधी कळा आल्या. दिराने आशाताईच्या भिंतीवरच्या नंबरला मिस्ड कॉल दिला. मग परत. मग परत. अकरा वेळा.

कोणालाच रिंग आली नाही. आमच्या त्या नंबरच्या सिमचा रिचार्ज ५ तारखेला संपला होता.

मी वर नोव्हेंबरच्या नोंदीत व्हॅलिडिटीबद्दल एवढं लिहिलंय. आणि आमचंच सिम. रिचार्जची आठवण ज्या ईमेलवर येते तो ईमेल कोणीच बघत नाही, तो प्रकल्प सुरू करताना बनवलेला. ह्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही, आमचाच आहे, माझा आहे, महिन्याची यादी माझ्याकडे असते.

बाळंतपण घरीच झालं, दाईआजींनी केलं. बाळ रडलं लगेच. रक्तस्राव झाला पण थांबला, आजी पोट चोळत बसल्या आणि बाळाला अंगावर लावलं. सकाळी जीपने आणलं, आता माहेरघराच्या शेजारच्याच वॉर्डात आहे, रक्त चढवायला धारणीला नेणार. दोघं ठीक. आज मी तिला भेटायला गेले तर तीच मला चहा घ्या म्हणाली.

दिराने फोन काढून कॉलची यादी दाखवली मला. रागावून नाही, त्याला वाटलं की त्याचंच काही चुकलं, आकडा चुकीचा दाबला का. अकरा ओळी, १.०४ पासून २.३५ पर्यंत.

आता दोन सिम, दोन कंपन्यांची, वर्षभराचा रिचार्ज. रोज संध्याकाळी सहाला सर्व्हर स्वतःच त्या नंबरला रिंग देणार, आणि उत्तर आलं नाही तर आम्हा तिघांचेही फोन वाजत राहणार. भिंतीवर खाली जीपवाल्याचा नंबर पण रंगवला. तो आधी का नव्हता, तर मला वाटलं होतं दोन नंबर असले की गोंधळ होतो.

१५ जानेवारी २०२४

१२ पासून परत संप. आधी कबूल केलेल्याचा जीआर निघाला नाही म्हणून. कॉल चालू. थंडी.

नंबर ओळखणाऱ्या ॲपवर आमचा कॉलचा नंबर कोणीतरी "लोनवाले" म्हणून टाकलाय. संध्याकाळी साडेसातला फोन येतो आणि स्क्रीनवर लोनवाले, कोण उचलणार. गावागावात पोरांना सांगून नाव सेव्ह करवलं. काय नाव द्यायचं? गाव ३ ने स्वतःच दिलं होतं, "बाई". बाईचा फोन. तेच सगळीकडे.

२७ फेब्रुवारी

किलकारी महाराष्ट्रात सुरू झालं ह्या महिन्यात. आमच्या फंडवाल्यांचा लगेच ईमेल, आता तुमची गरज काय?

प्रश्न रास्त आहे, चिडण्यासारखं काही नाही. बाळ कसं वाढतं, काय खावं, लस कधी, हे ७२ कॉल आमच्यापेक्षा चांगले बनवलेले असणार, आणि ते सरकारी पोर्टलच्या नोंदीवरून आपोआप जातात, कोणाला परत भरावं लागत नाही. मग आम्ही तेच का सांगावं? आमच्या क्लिपपैकी निम्म्याच्या वर ह्याच आहेत.

चार दिवस बसून छाटणी केली. जे कुठल्याही गावाला लागू पडतं ते बाहेर. जे फक्त ह्या गावाला लागू पडतं ते आत. नऊ तारखेला गाडी कुठे थांबणार. नाल्याला पाणी आहे का. ह्या आठवड्यात सिस्टर रजेवर आहे म्हणून कुठे जायचं. माहेरघरात खाट रिकामी आहे का. रात्री कोणाची जीप. हे दिल्लीहून कोणी सांगू शकत नाही आणि मुंबईहूनही नाही. काळ्या संडासाचं वाक्य तेवढं ठेवलं, आजींसाठी.

ह्यात काम वाढतं, कारण असे कॉल दर आठवड्याला नवे रेकॉर्ड करावे लागतात. फंडवाल्यांना तसं लिहिलं. उत्तर नाही अजून.

२७ मार्च

तीन दिवसांपूर्वी होळी झाली, २४ ला. कोरकूंची खरी दिवाळी हीच. लोक परतलेत, रस्त्यावर दोरी धरून पोरी फगवा मागतायत, आमच्या गाडीला तीन ठिकाणी अडवलं आणि तीनही ठिकाणी पैसे दिले, नाही तर सोडत नाहीत.

दोन दिवस गावांत फिरून यादी नवी करतोय. संपही मिटलाय, ताई सोबत आहेत. तिकडे भट्टीवर, बागेत झालेली बाळं आता दिसतायत, काहींची नोंद कुठेच नाही, जन्मदाखला नाही, वजन केलेलं नाही. गोळ्या संपल्या म्हणून अकोल्याकडून रिंग देणारी भेटली, मुलगी झालीय, तिकडच्या सरकारी दवाखान्यात. तिने तो चिकटवलेला नंबर अजून कार्डावर ठेवलाय आणि सोबतच्या अजून दोघींना लिहून दिलाय, पैकी एक कोरकूही नाही, बुलढाण्याकडची आहे. तिला कॉल गेला तर कोरकूत जाईल.

एक घर बंद. गाव ५. शेजारी म्हणाले ते लोक आलेच नाहीत ह्या वेळेस. तिची तारीख फेब्रुवारीतली होती. मुकादमाचा नंबर बंद येतोय.

फोनचे नंबर जवळजवळ एकतृतीयांश बदललेत. "फोन घरी कधी असतो" चं उत्तरही बदललंय, उन्हाळ्यात लोक पहाटे तेंदू, मोहाला जातात, संध्याकाळी लवकर झोपतात. मोहाच्या दिवसांत पहाटे चारला घरातलं सगळं माणूस जंगलात असतं. गाव ३ च्या आजी म्हणाल्या दुपारी करा, दुपारी उन्हात सगळे घरी पडून असतात. दुपारी म्हणजे अकरा-बारा.

टेलिफोनीवाल्याला सांगायचं बाकी आहे की परत ११ वाजता लाव.

उद्या: गाव ५ च्या त्या घराचा दुसरा नंबर ताईंच्या वहीत मागच्या वर्षीचा असेल तर बघणे. होळी २०२४ टेबलमध्ये टाकणे. दोन्ही सिम तपासणे.